एकुलती एक प्रशिक्षणार्थी

"प्रशिक्षक दिसले. प्रशिक्षणार्थी कुठायत?" डॉ. निमकर मॅडमनी दारातच विचारलं.

प्रश्न रास्त होता. आमच्या पशुवैद्यक महाविद्यालयाच्या हॉलमध्ये आम्ही चाळीसेक जण बसलो होतो आणि प्रत्येकाच्या खिशाला 'स्वयंसेवक प्रशिक्षक' असा पिवळा बिल्ला होता. बाकं लावायला आलेला मुलगा प्रशिक्षक होता. ज्यानं फळा पुसला तो ज्येष्ठ प्रशिक्षक होता.

विद्यार्थी संघाचा अध्यक्ष काळभोर उठला. काळभोर माझा रूम पार्टनर. झोपेतसुद्धा 'क्षमतावर्धन' म्हणायचा.

"मॅडम, पहिल्या टप्प्यात आपण प्रशिक्षक घडवण्यावर भर दिलाय."

"आणि ते शिकवणार कुणाला?"

"तो दुसरा टप्पा आहे, मॅडम."

योजना काळभोरची आणि माझी होती. संघातल्या मुलांना तयार करायचं आणि त्यांनी गावोगाव जाऊन लोकांना शिकवायचं. पहिला धडा एकच ठरवला होता : कुत्रं चावलं तर काय करायचं. गेल्या पावसाळ्यात कोळेखडीच्या एका मेंढपाळाला कुत्रं चावलं. त्यानं जखमेत मिरची भरली, वर फडकं बांधलं आणि दीड महिन्यानं तो गेला. त्याच्या मेंढ्या आमच्याच दवाखान्यात यायच्या. मेंढ्यांना आम्ही वेळच्या वेळी लसी टोचत होतो. त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं.

तर योजना चांगली होती, फक्त तिच्यात एक बारीक भोक राहिलं होतं. प्रशिक्षक होणाऱ्याला बिल्ला आणि शनिवारच्या श्रमदानातून सूट होती. शिकायला येणाऱ्याला चहा होता. चहा तसाही कुठेही मिळत होता.

तेवढ्यात दारात वनिता कुंजीर येऊन उभी राहिली. पहिल्या वर्षाची, बुटकी, गोठ्याच्या ड्युटीवरून थेट आलेली. गमबूट काढून हातात धरलेले.

"उशीर झाला. गाय बसली होती, उठेचना," ती म्हणाली. "बिल्ला मिळेल का?"

"बिल्ले संपले," मी म्हणालो.

काळभोरनं तिच्याकडे असं बघितलं, जसं मुहूर्त टळत आल्यावर मुलीचा बाप दारात आलेल्या भटजींकडे बघतो.

"मॅडम," तो म्हणाला, "ही प्रशिक्षणार्थी."

मॅडमनी चष्मा पुसला. त्यांना हसायचं असलं की त्या चष्मा पुसायच्या. "ठीक आहे. दिवाळीनंतर मी तुमच्याबरोबर कोळेखडीला येते. तुमच्यातला एक जण शिकवेल. झालं की मी माझ्या मनानं गावातलं एक माणूस उठवीन आणि विचारीन, कुत्रं चावलं तर काय कराल. त्यानं नीट सांगितलं, तर तुमचा कार्यक्रम चालू. नाही सांगता आलं, तर सगळे बिल्ले माझ्या टेबलावर."

"म्हणजे बंद?" मी विचारलं.

"धुमाळ, विनोद कळतात तशी साधी वाक्यंही कळत असतील तुला."

कॉलेजात मला सगळे ओळखायचे ते बैल म्हणून. पहिल्या वर्षी गॅदरिंगच्या नाटुकल्यात मी बैलाचं काम केलं होतं, मागच्या पायांचं. त्यानंतर मी काहीही बोललो तरी लोक आधी हसून घ्यायचे आणि मग काय बोललो ते विचारायचे. काळभोरनं मला प्रशिक्षण सचिव केलं तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला पुढचे पाय दिले होते. ते मला परत करायचे नव्हते.

मग कॉलेजात एक अजब प्रकार सुरू झाला. रोज तास संपले की चाळीसपैकी कुणीतरी एक प्रशिक्षक हॉलमध्ये उभा राहायचा आणि समोर एकट्या बसलेल्या वनिताला कुत्रं चावल्यावर काय करायचं ते शिकवायचा. दुसऱ्या दिवशी दुसरा. धडा तोच. वनिता तीच. आणि धडा संपला की वनिता दरवेळी हात वर करून तेच म्हणायची.

"मला कळलं नाही."

काळभोरचा धडा मी मागे बसून बघितला. त्यानं विषाणूचा चेतातंतूंमधून मेंदूकडे होणारा प्रवास फळ्यावर काढला होता. तालुक्याचा नकाशा वाटत होता.

"मला कळलं नाही," वनिता म्हणाली.

काळभोरनं परत समजावलं. तिला परत कळलं नाही. त्यानं एक चेतातंतू पुसला. तरी नाही. असं करत करत अख्खा तालुका पुसला गेला आणि घामाघूम झालेला काळभोर म्हणाला, "अगं बाई, कुत्र्याच्या लाळेत रोग असतो. साबणपाण्यानं ती लाळ पंधरा मिनिटं धुवून काढ. मिरची नको, चुना नको, बांधू नको. आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन सुई घे. सांगतील तेवढ्या सगळ्या घे. संपलं."

"आता कळलं," ती म्हणाली. गमबूट चढवून गोठ्यावर गेली. आणि दुसऱ्या दिवशी पुढच्या प्रशिक्षकासमोर बसून पुन्हा म्हणाली, मला कळलं नाही.

"ढ आहे रे ती," काळभोर मेसमध्ये म्हणाला. "ॲडमिशन कशी मिळाली हिला?"

"मेरिटमध्ये तिसरी आली होती."

"मग त्या वर्षी मेरिटच खाली गेलं असेल."

माझी पाळी आली तेव्हा मी तयारीनं गेलो. मी कुत्रा झालो, चावलो, चावून घेतलं, डॉक्टर झालो, सुई झालो. वनिता डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मला वाटलं, जिंकलो.

तिनं डोळे पुसले आणि हात वर केला. "हसू आलं. पण चावल्यावर आधी काय करायचं ते कळलं नाही."

"तू हसत होतीस ना, तेव्हाच सांगितलं की."

"तेव्हाच निसटलं," ती म्हणाली.

कोळेखडीला शिकवायचा मान अर्थातच काळभोरचा होता. पण तिथे जायच्या तीन दिवस आधी काळभोरला कुत्रं चावलं.

हॉस्टेलचंच कुत्रं. त्याला आम्ही 'रेक्टर' म्हणायचो, कारण तेही फक्त जेवणाच्या वेळीच दिसायचं. काळभोरचा पाय त्याच्या शेपटीवर पडला आणि त्यानं पोटरी धरली. आणि स्वयंसेवक प्रशिक्षक कार्यक्रमाचा संस्थापक, त्या धड्याचा लेखक, हळद हळद करत मेसच्या स्वयंपाकघराकडे धावत सुटला.

"काळभोर, नळ," मी मागून ओरडलो.

"हळद कुठाय?"

"अरे, नळ."

"आधी हळद दाबू दे, मग नळ."

मी त्याला बखोटीला धरून धुण्याच्या दगडावर बसवलं आणि नळ सोडला. पंधरा मिनिटं म्हणजे किती असतात ते मला त्या दिवशी कळलं. फार असतात. निम्म्यातच काळभोर म्हणाला, "झालं असेल." मी घड्याळ दाखवलं. त्यानं पाय परत धारेखाली धरला. मग म्हणाला, "धुमाळ, मला सगळं येत होतं रे."

त्याला पहिली सुई त्याच दिवशी मिळाली. दुसरी नेमकी कोळेखडीच्या दिवशी आली. तो म्हणाला, एक दिवस पुढे ढकलतो. मॅडम म्हणाल्या, "मग गावात जाऊन काय सांगशील?" तो दवाखान्याच्या रांगेत गेला. उरलेल्या प्रशिक्षकांना त्या दिवशी कुणाला ताप, कुणाला प्रॅक्टिकल, कुणाला चुलत भाऊ आला. कार्यक्रम आपल्या हातून बंद पडावा असं कुणालाच वाटत नव्हतं. कॉलेजच्या जीपमध्ये शेवटी तिघंच बसलो : पुढे मॅडम, मागे मी आणि वनिता.

"तू कशाला?" मी विचारलं.

"प्रशिक्षणार्थी नको का एक?" ती म्हणाली.

कोळेखडीच्या समाजमंदिरात दुपारी साठसत्तर माणसं जमली होती. डावीकडे बाया, उजवीकडे पुरुष. वनिता जाऊन बायांमध्ये दुसऱ्या ओळीत मांडी घालून बसली. मॅडम भिंतीकडेच्या खुर्चीत बसल्या. मी उभा राहिलो आणि पाठ केलेलं पहिलं वाक्यच विसरलो. अशा वेळी मला एकच गोष्ट येते. मी काळभोरची हळद सांगितली.

समाजमंदिर हसायला लागलं. मग मी रेक्टर सांगितला. म्हातारे खोकेपर्यंत हसले. मधेमधे मी धडाही सांगत होतो, धुवा म्हणालो, सुई म्हणालो, आणि माणसं भराभर माना हलवत होती. सगळ्यात मागे भिंतीला टेकून हिरव्या लुगड्यातल्या एक बाई होत्या, त्या तर अशी मान हलवत होत्या की माझा शब्द तोंडातून निघायच्या आधीच त्यांना पटत होता. मी त्यांच्याकडे बघूनच बोलायला लागलो. इतकं छान शिकवता येतं आपल्याला, हे मला माहीतच नव्हतं.

मी "धन्यवाद" म्हणणार एवढ्यात दुसऱ्या ओळीत हात वर झाला.

वनिता मागे वळून सगळ्यांकडे बघत होती. मग माझ्याकडे वळली. "सर, मला कळलं नाही."

मॅडमनी मान वर केली. मी दातओठ खात हसलो. "काय कळलं नाही, ताई?"

"चावल्यावर आधी काय करायचं?"

"धुवायचं."

"कशानं?"

"साबणानं, पाण्यानं."

"कुठला साबण? भांड्याचा चालंल?"

"चालेल."

"कपड्याचा?"

"कुठलाही चालेल."

"पाणी नळाचंच पाहिजे? नळ दिवसाआड येत असला तर?"

हे मला कुणी शिकवलं नव्हतं. "हंड्यातलं घ्यायचं," मी म्हणालो. "दुसऱ्यानं तांब्यानं वरून ओतायचं. धार पडली पाहिजे."

तिनं परत मागे बघितलं. "किती वेळ?"

"पंधरा मिनिटं."

"पंधरा मिनिटं म्हणजे किती? घड्याळ नसलं तर?"

मी माझ्या घड्याळाकडे बघितलं. ते बघून पुढच्या ओळीतल्या एका बाईला दया आली. "एका म्हशीची धार काढस्तवर," ती म्हणाली.

"एका म्हशीला कुठं पंधरा मिन्टं लागत्यात," दुसरी म्हणाली. "दोन म्हशी धर."

"तुझी म्हैस आटलीय म्हणून तुला दोन लागत्यात."

पुरुषांच्या बाजूनंही मतं आली. बराच वाद झाला. शेवटी दोन म्हशींवर गाव आलं.

"दोन म्हशींच्या धारा निघेपर्यंत धुवायचं," मी म्हणालो. मी विनोद करत नव्हतो. कुणी हसलंही नाही.

"मिरची लावली तर?" वनिता.

"लाळ आतच राहते आणि वर जखम चिघळते. लावायची नाही. चुनाही नाही. बांधायचंही नाही."

"आणि सुई नाही घेतली तर?"

मी मेंढपाळाचं नाव घेतलं. तेवढंच. त्याला इथं सगळे ओळखत होते. कुणीतरी पुरुषांच्या बाजूला हळूच हुंकार भरला.

वनितानं परत मागे बघितलं. या वेळी जरा जास्त वेळ. "कुत्रं घरचंच असलं तर? पिल्लू असलं तर?"

"तरी सुई घ्यायची."

"एक दिवस होऊन गेला असला तर?"

"तरी घ्यायची."

"दोन दिवस झाले असले तर?"

"तरी."

"तीन?"

बाया खुदखुदायला लागल्या. मलाही वाटलं, आता ही पंचांग काढणार. "ताई, कितीही दिवस झाले असले तरी," मी म्हणालो, "कळलं त्या दिवशी उठून जायचं."

"चार दिवस झाले असले तर?" वनिता म्हणाली. ती माझ्याकडे बघतच नव्हती. मागे वळूनच बोलत होती.

"चार दिवस झाले असले तरी आजच्या आज," मी म्हणालो.

"आणि घरात सांगितल्यावर कुत्र्याला मारून टाकत्यात, त्याचं काय?"

हा प्रश्न चाळीस धड्यांत कधी आला नव्हता. मी मॅडमकडे बघितलं. मॅडमही वनिताकडेच बघत होत्या.

"मारायचं नाही," मी म्हणालो. "दहा दिवस बांधून ठेवायचं, खायला-प्यायला घालायचं, लक्ष ठेवायचं. आम्ही जनावरांचे डॉक्टर आहोत, आम्ही येऊन बघू. त्याला कुणी हात लावणार नाही."

"आता कळलं," वनिता म्हणाली आणि पुढे वळून बसली.

मॅडम उठल्या. त्यांनी चष्म्यावरून सगळ्या ओळी न्याहाळल्या आणि बोट केलं. "त्या मागच्या ताई. हिरव्या लुगड्यातल्या."

मी मनात म्हटलं, सुटलो. एवढी मान दुसऱ्या कुणी हलवली नव्हती.

"नाव काय तुमचं?"

"हौसाबाई."

"हौसाबाई, कुत्रं चावलं तर काय कराल?"

हौसाबाई उभ्या राहिल्या आणि नुसता पदर सावरत राहिल्या. इतका वेळ, की मला डोळ्यांसमोर टेबलावरचा पिवळ्या बिल्ल्यांचा ढीग दिसायला लागला. मग त्यांनी जमिनीकडे बघत सुरुवात केली.

"हंड्यातलं पाणी घ्यायचं. कुनाला तरी तांब्यानं वतायला लावायचं. भांड्याचा साबण चालतो. दोन म्हशींच्या धारा काढस्तवर धुवायचं. मिरची लावायची न्हाई." इथं त्या जरा थांबल्या. "चुना न्हाई, फडकं न्हाई. त्याच दिशी सुई घ्यायची. सांगतील तेवढ्या सगळ्या घ्यायच्या. आन चार दिस झालं आसलं, तर आजच्या आज जायाचं."

"बरोबर," मॅडम म्हणाल्या. "अगदी बरोबर."

हौसाबाई खाली बसल्या नाहीत. त्यांनी पदराखाली धरलेला डावा हात बाहेर काढला. मनगटाच्या वर फडकं होतं. ते त्यांनी सगळ्यांसमोर सोडलं. आत मिरचीनं काळवंडलेली जखम होती, दातांच्या खुणांसकट.

"मग आता न्या मला," त्या म्हणाल्या. "पिल्लू घरचं हाय. मालकाला कळलं तर ठेचतील त्याला, म्हनून बोलले न्हवते."

पुरुषांच्या बाजूला एक माणूस उठला, तोच मालक असावा, त्यानं हौसाबाईंच्या हाताकडे बघितलं आणि तो परत बसला. मग पुढच्या ओळीतली ती दोन म्हशींवाली बाई तांब्या आणायला पळाली.

आम्ही तिथंच, समाजमंदिराच्या पायरीवर, हौसाबाईंचा हात धुतला. मी पाणी ओतलं, वनितानं साबण लावला, सगळं गाव भोवती उभं. घड्याळाकडे कुणी बघितलं नाही. दोन म्हशी पुऱ्या झाल्यावर बायांनीच सांगितलं, आता बास.

त्या हौसाबाई अजून आहेत. मी आता त्याच तालुक्यात पशुवैद्यक आहे. परवाच त्या शेळी घेऊन माझ्या दवाखान्यात आल्या होत्या आणि औषध कडू आहे म्हणून शेळीच्या वतीनं माझ्याशी भांडून गेल्या. कार्यक्रमही पुढे बरीच वर्षं चालला. पण मला तो दिवस आठवतो तो ग्रामीण रुग्णालयाच्या बाहेरच्या बाकावरचा.

आत मॅडम हौसाबाईंचा हात धरून बसल्या होत्या. बाहेर मी आणि वनिता. तिच्या नखांत अजून साबण होता.

"वनिता," मी म्हणालो, "हा धडा तू किती वेळा ऐकलास?"

"रोज."

"पाठ असेल."

"चौथ्या दिवशीच झाला होता."

"मग तुला कळत नव्हतं म्हणजे काय?"

ती नखांतला साबण काढायला लागली. "मी चौथीत असताना आमच्या शाळेत बायांचा साक्षरता वर्ग असायचा. आई जायची. मी तिच्याशेजारी बसायचे. मला सगळं येत होतं, शाळेतलंच होतं ते. आईला काही येत नव्हतं, पण विचारायची लाज. गुरुजी म्हणायचे, कळलं का, की आई सगळ्यांच्या आधी मान हलवायची. मग मीच हात वर करायचे. गुरुजी, मला कळलं नाही. गुरुजी म्हणायचे, कुंजिरांची पोरगी ढ आहे. आणि परत सांगायचे. आई ऐकायची."

"शिकली आई?"

"बसची पाटी वाचते. मोठ्यानं वाचते. बस गेली तरी वाचतच असते."

मला हसू आलं. पण डोळ्यांसमोर तो रिकामा हॉल दिसत होता. चाळीस प्रशिक्षक एकामागून एक येतायत, घाम गाळतायत, लांब शब्द पुसतायत आणि हॉलमधून बाहेर पडताना जरा बरं बोलायला लागलेले आहेत. आणि आम्ही म्हणतोय, ढ आहे.

"पण हॉलमध्ये तर तू एकटीच होतीस," मी म्हणालो. "तिथं कुणासाठी विचारायचीस?"

"आईला बसवायचे ना शेजारी," ती म्हणाली. हे अगदी उघड आहे अशा आवाजात.

मी बाकावर जरा सरकून बसलो, आणखी एका माणसापुरता.

"आणि आज? चार दिवस झालेत, हे तुला कसं कळलं?"

"नव्हतं माहीत. त्या बाई सुरुवातीपासून सारखी मान हलवत होत्या. ज्याला कळतं ना, तो मधेच थांबतो. त्याच्या डोक्यात काहीतरी चालू होतं. ज्याला कळत नाही, किंवा ज्याला आत काहीतरी लपवायचं असतं, तो हलवतच राहतो. मग मी नुसतं विचारत गेले. एक दिवस म्हटलं, हलवतायत. दोन, हलवतायत. तीन, हलवतायत. चार म्हटलं आणि मान थांबली. मग हात बघितला तर पदराखाली. मग वाटलं, यांना स्वतःसाठी नाही, दुसऱ्या कुणासाठी तरी भीती आहे. पिल्लाचं विचारलं तेव्हा त्यांनी खाली बघितलं होतं. म्हणून ते शेवटचं विचारलं."

ती माझ्याकडे वळली. "म्हणजे बोलणाऱ्याकडे नाही बघायचं. ऐकणाऱ्यांच्या मानेकडे बघायचं, आणि ती कुठं थांबते ते धरायचं. कळलं का?"

मी मान हलवली.

वनितानं माझ्याकडे क्षणभर नीट बघितलं. मग बाकावर माझ्याकडे तोंड करून मांडी घातली आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.